३५ वॅटचा दोन पोर्टवाला पिटुकला चार्जर: दोन्ही पोर्ट एकदम वापरता का कोणी?

खटपट्या

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात माणसं चार आणि चार्जर नऊ. तरी रोज रात्री अकराच्या सुमारास "माझा चार्जर कुणी नेला?" हा पुकारा होतोच. म्हणून एक ३५ वॅटचा छोटा चार्जर मागवला. मुठीत मावतो, दोन्ही पोर्ट टाइप-सी, आणि आत म्हणे गॅलियम नायट्राइड (गॅन). ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मा धागा "कंपनीने किती दिले" यावरच जाईल.

डब्यावर पुढे ठसठशीत ३५ वॅट. मागे भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत: एकच पोर्ट वापरला तर ३५, दोन्ही वापरले तर वरच्याला २० आणि खालच्याला १५.

यूएसबी मीटर घरात होताच, मग बसलो मोजत. फोन सॅमसंगचा, ५००० एमएएच, २५ वॅटचं 'सुपर फास्ट' घेणारा. एकटा लावला तर सुरुवातीला २३-२४ वॅट. पन्नास टक्के ओलांडल्यावर १७-१८, ऐंशीच्या आसपास ९, आणि नव्वदीनंतर चार-पाच वॅटवर रेंगाळत बसला. टॅब एकटा लावला तर तो १५ वॅटच्या वर सरकलाच नाही: ९ व्होल्ट, १.६५ अँपिअर, बस. ३५ वॅटचं त्याला काही कौतुक नाही.

खरी गंमत पुढे. फोन वरच्या पोर्टवर मजेत २३ वॅट ओढत होता, आणि मी टॅबची केबल खाली खोचली. फोनचं चार्जिंग ठप्प! दोनेक सेकंदांनी परत सुरू झालं, पण 'सुपर फास्ट' जाऊन नुसतं 'फास्ट'. मीटरवर १५ वॅट. आता वरच्या पोर्टला २० वॅट राखीव आहेत असं डबाच सांगतोय, मग फोन १५ वरच का अडकला? टॅब काढला की परत दोन सेकंद ठप्प, मग पुन्हा २३.

दोन्ही लावून अर्धा तास ठेवल्यावर चार्जरचं अंग ६२ अंश. खोलीत ३१ होतं.

प्रश्न असे: हे सारखं तुटून जोडलं जाणं बॅटरीला वाईट का? ६२ अंश जास्त आहेत का? आणि मुख्य म्हणजे दोन माणसांना मिळून असा एक घ्यावा, की सरळ दोन वेगळे घ्यावेत?

झणझणीत_मिसळ

वहिनींची मुलाखत हवी. जेवायला वाढलंय आणि नवरा मीटरकडे बघत "थांब, आत्ता ऐंशी टक्के होतायत" म्हणतोय हे दृश्य डोळ्यांपुढे आलं.

ठाणेकरीण

हसून हसून पुरेवाट, मिसळ! धागा मात्र उपयोगी आहे. आमच्याकडेही वरचा पोर्ट कुणाचा यावर भांडणं आहेत. वाचतेय.

सातारी_तात्या

माझं स्पष्ट मत: हे फास्ट चार्जिंगचं फॅडच बॅटरी खातं. माझा फोन चार वर्षं झाली, जुन्या पाच वॅटच्या चार्जरवर रात्री लावतो, सकाळी काढतो. आजही दिवसभर टिकतो. पोराने तेव्हाच घेतलेला फोन फास्टवर लावून लावून दुपारीच मान टाकतो. घाई कशाला एवढी?

विजयाताई

खटपट्या, मोजमाप छान केलंय. मी पॉवर सप्लायच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावते.

पहिलं कोडं, २० असून १५ का. पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरची फास्ट चार्जिंगची पद्धत. पीडी चार्जर आणि फोन केबल लागल्या लागल्या आधी बोलणी करतात. चार्जर यादी पाठवतो: ५ व्होल्टला इतके अँपिअर, ९ ला इतके, १५ ला इतके, २० ला इतके. फोन त्यातलं एक मागतो. तुमच्या सॅमसंगला २५ वॅट हवे असतील तर या ठरावीक पायऱ्या चालत नाहीत, त्याला पीपीएस हा पीडीचाच प्रकार लागतो. त्यात फोन २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज वर-खाली करून मागत राहतो, म्हणजे फोनच्या आत उष्णता कमी होते. पीपीएस मिळालं नाही तर सॅमसंग निमूटपणे ९ व्होल्टवर येतो आणि १५ वॅटच घेतो. तुमचा चार्जर दोन्ही पोर्ट लागल्यावर यादीतून पीपीएस काढून टाकत असणार. २० वॅट आहेत, पण ते फोनला हव्या त्या रूपात नाहीत.

आता दोन सेकंदांचा खंड. दुसरं उपकरण लागलं की चार्जरला पहिल्याची यादी बदलावी लागते. खरं तर वीज न तोडता नुसती नवी यादी पाठवायची सोय पीडीत आहे. पण आतली सर्किट स्वस्तात बसवायची तर बरेच जण सरळ वीज तोडतात आणि पहिल्यापासून बोलणी सुरू करतात. बॅटरीला याने काही होत नाही. फोन दोन सेकंद स्वतःच्या बॅटरीवर चालतो, इतकंच.

गरम होण्याबद्दल: ३५ वॅट बाहेर द्यायचे तर भिंतीतून साधारण ४० ओढले जातात. उरलेले पाच त्या एवढ्याशा डबीतूनच बाहेर पडायचे. गॅनमुळे फार वेगाने चालू-बंद करता येतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि वीज वायाही कमी जाते. पण उष्णता बाहेर टाकायला अंगही लहानच राहतं. ३१ अंशांच्या खोलीत बाहेरून ६२ मला चालेल. उशीखाली, गादीवर, पडद्याआड मात्र नको.

खटपट्या

ताई, कोडं सुटलं. आत्ता मीटरवर पाहिलं. एकटा पोर्ट असताना पीपीएस दिसतं, दोन्ही लागल्यावर गायब. डब्यावर याचा उल्लेख कुठेच नाही.

वऱ्हाडी_ठेचा

डब्यावर कायले लिहिन भाऊ, मंग घेईन कोन?

डोंबिवली_फास्ट

विजयाताई, "बॅटरीला काही होत नाही" हे फोनला लागू. माझा अनुभव ऐका. अशाच दोन पोर्टच्या चार्जरवर मी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) चोवीस तास चालू ठेवलं होतं. घरचे कॅमेरे त्याच्यावर. रोज संध्याकाळी सातच्या आसपास ते आपोआप रीस्टार्ट व्हायचं. मी मेमरी कार्ड बदललं, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, लॉग वाचून डोळे गेले. शेवटी कळलं की सातला बायको ऑफिसातून येते आणि दुसऱ्या पोर्टला फोन लावते!

झणझणीत_मिसळ

बायको घरी आली की यंत्रं सावरून बसतात. यात नवल ते काय?

ठाणेकरीण

मिसळ, तुम्ही अविवाहित असणार.

विजयाताई

डोंबिवली_फास्ट, बरोबर मुद्दा. ज्याला स्वतःची बॅटरी नाही ते (राउटर, कॅमेरा, पाय) अशा वाटून घेणाऱ्या चार्जरवर लावू नये. त्याला स्वतंत्र ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या.

तात्या, तुमच्याशी अर्धी सहमत. बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा आणि सतत शंभर टक्क्यांवर राहण्याचा. फास्ट चार्जिंगने फोन गरम झाला तर तोटा आहेच. पण किती घ्यायचं हे फोन ठरवतो, चार्जर नाही. खटपट्यांचे आकडे बघा: सुरुवातीला २३, शेवटी ४. लिथियम बॅटरी अशीच भरतात; आधी ठरावीक करंट, मग व्होल्टेज धरून ठेवून करंट उतरत जातो. म्हणून शून्य ते पन्नास झरझर आणि ऐंशी ते शंभर रडतखडत. आणि तुमच्या मुलाचा फोन गेमिंगमुळे मान टाकत असेल, तो आळ चार्जरवर कशाला?

सातारी_तात्या

गेम खेळतो खरा. चार्जिंगला लावूनच खेळतो, आणि कव्हरसुद्धा काढत नाही.

विजयाताई

मग झालं तर! दोन्हीकडून तापवतोय. ८० टक्क्यांवर थांबायची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे, ती लावून द्या. तुमच्या पाच वॅटनेही फोन रात्रभर शंभरवर पडून राहतो, तेही काही फार चांगलं नाही.

पळसाचं_पान

माझा ओप्पो आहे. सोबत आलेल्या चार्जरवर ६७ वॅट म्हणतो, आणि अशाच ३५ वॅटच्या पीडी चार्जरवर कूर्मगतीने चालतो. चार्जर खराब का?

खटपट्या

चार्जर बहुतेक ठीक असेल. ओप्पो, वनप्लसच्या सुपरवूकची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगची, भाषाच वेगळी. तिथे व्होल्टेज तुलनेने कमी आणि करंट दणदणीत, आणि त्यासाठी केबलही त्यांचीच लागते. पीडीवर हे फोन किती घेतात ते मॉडेलवर आहे. काही नवे फोन पीपीएसवर बऱ्यापैकी घेतात, काही १० ते १८ वॅटवर समाधान मानतात. तुमचं मॉडेल सांगितलंत तर ज्याच्याकडे असेल तो मोजून सांगेल.

म्युन्शेनचा_मावळा

इकडची खबर. युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून विकायला येणाऱ्या फोन, टॅब, कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचं झालंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फास्ट चार्जिंग असेल तर पीडीसुद्धा चालायलाच हवं, स्वतःची वेगळी पद्धत असली तरी. लॅपटॉपांना २८ एप्रिल २०२६ पासून. चार्जरशिवाय फोन विकत घ्यायची मुभाही ग्राहकाला द्यावी लागते. त्यामुळे पळसाचं_पान यांचा प्रश्न हळूहळू आपोआप सुटत जाईल असं वाटतं.

बाकी इकडे अडचण वेगळीच. भारतातून आणलेल्या चार्जरच्या पिना काही सॉकेटात डगमगतात, आणि इकडचा चार्जर पुण्यात नेला तर सासरच्या जुन्या बोर्डात ढिला बसून खाली लोंबतो. छोटा असला तरी गॅनचा चार्जर हाताला चांगला जड लागतो.

कोकणकडा

लोंबतो म्हणजे काय, आमच्याकडे पडतोच! माजघरातला बोर्ड आजोबांच्या काळातला. चार्जर लावायचा, खाली पुस्तकांची चळत लावायची, मग खटका दाबायचा. परवा मांजराने चळत पाडली.

गंभीर प्रश्न: गावी व्होल्टेज कधी १६०, कधी २५०. पावसात तर विचारूच नका. असा महागाचा चार्जर तिथे टिकेल का?

विजयाताई

अंगावर "इनपुट १००-२४०" छापलेलं असतं, म्हणजे १६० ला तो व्यवस्थित चालतो. २५० ही बहुतेक सोसतात, थोडी पट्टी वर ठेवलेली असते. जीव घेतो तो क्षणभराचा मोठा झटका: वीज पडणं, लाइट जाऊन येणं, न्यूट्रल सुटणं. न्यूट्रल सुटलं तर घरात ४०० च्या आसपासही येऊ शकतात, तिथे कुठलाच चार्जर वाचत नाही. पावसाळ्यात गडगडायला लागलं की काढून ठेवा. आणि तो ढिला बोर्ड आधी बदला. ढिल्या पिनेशी ठिणग्या पडतात, प्लास्टिक वितळतं. पुस्तकांची चळत हा उपाय नव्हे हो!

पंढरीची_वारी

रेल्वेचा विषय निघालाच नाही अजून? बऱ्याच डब्यांत चार्जिंगच्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. १००-२४० वाला चार्जर चालतो, जुना २०० पासून पुढचा असेल तर रुसतो. एक सॉकेट, सहा प्रवासी. दोन पोर्टवाला काढला की समोरचे काका लगेच "जरा आमचाही लावा" म्हणतात. लावला की आपल्या फोनचा वेग निम्मा! आता कळलं का ते.

झणझणीत_मिसळ

काकांना सांगा, खालच्या बर्थवाल्याला खालचा पोर्ट.

पंढरीची_वारी

आणि रात्री सॉकेट बंद असेल तर चार्जरवर राग काढू नका. पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ डब्यांतले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं ठरवलं, आगीच्या भीतीने. म्हणून अकराच्या आत भरून घ्यायचं, आणि तिथे खरोखर फास्ट चार्जिंग कामाला येतं, तात्या!

ठाणेकरीण

माझे दोन प्रश्न, विजयाताईंना खास. लेकीचा टॅब धातूच्या पाठीचा आहे. चार्जिंगला असताना पाठीवरून हात फिरवला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं, खरखरीत लागतं. आणि मागच्या महिन्यात रस्त्यावरून घेतलेल्या एका चार्जरवर तर टॅब आपोआप चालायला लागला! कुणी हात लावला नाही तरी अ‍ॅप उघडतायत, अक्षरं टाइप होतायत. सासूबाईंनी लिंबू उतरवायची तयारी केली होती.

विजयाताई

लिंबू सरबताला ठेवा. दोन्ही गोष्टींचं मूळ जवळजवळ एकच आहे. आपल्या फोन चार्जरला अर्थिंगची पिन नसते. आत भिंतीकडची बाजू आणि फोनकडची बाजू पूर्ण वेगळ्या असतात, पण विजेतली खरखर दाबायला दोन्हींच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवतात. त्यातून किंचित करंट झिरपतो, मायक्रोअँपिअरमध्ये. तोच धातूच्या पाठीवर बोट सरकवताना जाणवतो. चांगल्या चार्जरवर तो धोक्याच्या खूप खाली असतो. मुंग्या ठीक, झटका बसला, बोट आपसूक मागे आलं, तर तो चार्जर त्याच क्षणी काढून टाका.

टॅब आपोआप चालणं हा खरखर न दाबल्याचा परिणाम. स्क्रीन बोटाचा स्पर्श विजेच्या बारीकशा बदलावरून ओळखते. चार्जरमधूनच तशी खरखर आली की तिला भास होतात. हे ज्या चार्जरवर झालं तो मुलांच्या हाती देऊ नका. खरखर दाबायचे भाग ज्याने वाचवले, त्याने सुरक्षेचे भागही वाचवले असण्याची शक्यता मोठी.

ठाणेकरीण

फेकला. सासूबाईंनी तरी मीठ-मोहरी ओवाळलीच, टॅबवरून.

गल्लीतला_जुगाड

ठाणेकरीण यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच. मी दुरुस्तीची कामं करतो, रोज असे चार्जर उघडतो. मध्यंतरी एक "६५ वॅट, दोन पोर्ट" लिहिलेला आला. उघडला तर आत साध्या १० वॅटच्या चार्जरचा बोर्ड, दोन्ही पोर्ट एकाच तारेला जोडलेले, आणि वजन यावं म्हणून एक लोखंडी पट्टी डिंकाने चिकटवलेली. गिऱ्हाईक म्हणालं, "हातात जड लागला म्हणून घेतला."

वजनावर जाऊ नका. अंगावर आयएसआयसारखं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याच्याबरोबर "आर-" व पुढे आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाका. कुठल्या कारखान्याचा, कुठल्या वस्तूसाठी ते दिसतं. नंबर चार्जरचा म्हणून छापलाय आणि अ‍ॅपमध्ये एलईडी बल्ब निघाला, असंही मी पाहिलंय. दुसरी खूण म्हणजे चौकोनात चौकोन. ती दुहेरी इन्सुलेशनची, अर्थिंग नसलेल्या चार्जरला ती हवीच.

वऱ्हाडी_ठेचा

लोखंडी पट्टी म्हंजे भंगारात तरी भाव भेटन.

निशिगंधा

मला यातलं फारसं कळत नाही, पण एक अडचण आहे. असाच दोन टाइप-सी पोर्टचा घेतला. फोन चालतो, आयपॅड चालतो. नवऱ्याचा ट्रिमर आणि माझा मानेवर अडकवायचा पंखा मात्र त्याच्यावर चार्जच होत नाहीत. दोघांनाही टाइप-सीच भोक आहे. जुन्या चार्जरवर जुन्या केबलने होतात. चार्जर परत करू का?

खटपट्या

परत करू नका, दोष ट्रिमरचा आणि पंख्याचा आहे. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर आधी बघतो की समोर खरंच काही लागलंय का. त्यासाठी उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. काही पैशांचे भाग, पण स्वस्त ट्रिमर, टॉर्च, पंख्यांत ते गाळतात. मग चार्जरला वाटतं समोर कोणीच नाही, आणि तो वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायमच असतात, म्हणून तिथे चालतं. या एका कारणासाठी घरात एखादा जुना चौकोनी चार्जर ठेवायला लागतोच.

निशिगंधा

अरे वा. म्हणजे नवऱ्याला वाटलं तसं मी केबल उलटी लावत नव्हते. हा प्रतिसाद त्याला फॉरवर्ड केलाय.

सदानंद_६४

मी निवृत्त माणूस, प्रश्न व्यवहाराचा विचारतो. चार्जर बोर्डला तसाच राहिला, खटका चालू, तर बिल किती येतं? नातू रोज विसरतो, रोज वाद होतो.

गल्लीतला_जुगाड

काका, चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ वॅटच्या आसपास घेतो. वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. फोन रोज पूर्ण भरला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट. नातवाला गीझरवरून बोला, चार्जरवरून नको.

सदानंद_६४

गीझरही तोच विसरतो.

मुळामुठा

एवढं सगळं वाचून मूळ प्रश्नाला कोणीच हात घातला नाही असं दिसतंय. एक की दोन? माझं म्हणणं: दोन वेगळे घ्या. एक बिघडला तर दुसरा राहतो, कुणाचा वेग कुणामुळे कमी होत नाही, आणि नवराबायकोला एकाच बोर्डाशी वाकून बसावं लागत नाही. दोन पोर्टवाला फक्त प्रवासात.

ठाणेकरीण

असहमत. आमच्या बेडरूममध्ये पलंगाजवळ सॉकेट एकच आहे, बिल्डरची कृपा. एक्स्टेंशन म्हटलं की लेक त्यात पेन्सिल घालते. आम्हाला दोन पोर्टवालाच हवा. आणि रात्री झोपताना लावायचा तर १५ वॅट काय नि २५ काय, सकाळी दोन्ही भरलेलेच.

डोंबिवली_फास्ट

मुळामुठा +१, ठाणेकरीण +१. (कुंपणावर बसलोय.)

फक्त घेताना तीन गोष्टी बघा म्हणेन: दोन्ही पोर्ट लागल्यावरचे आकडे, तेव्हा पीपीएस राहतं का, आणि दोन्ही पोर्ट मिळून ५ व्होल्टवर तर येत नाहीत ना. काही चार्जर असे आहेत की एकट्याला ३०-३५ वॅट, आणि दुसरं काहीही लावलं, अगदी इअरबडची डबी, की दोघांना मिळून १५ वॅट आणि ५ व्होल्ट. "टोटल १५ वॅट" असं बारीक छापलेलं असतं. तसला घेऊ नका.

सगळेच काही असे नसतात. अ‍ॅपलच्या ३५ वॅटच्या दोन पोर्टवाल्याचं गणित बरं आहे. दोन फोन लावले तर साडेसतरा-साडेसतरा. फोन आणि घड्याळ लावलं तर घड्याळाला साडेसात आणि फोनला साडेसत्तावीसपर्यंत. म्हणजे समोर कोण आहे ते बघून वाटतो. स्वस्तातले बहुतेक चार्जर डोळे झाकून वाटतात.

विजयाताई

डोंबिवली_फास्ट यांचा मुद्दा लाखमोलाचा. त्याला जोडून: फोन शंभर टक्के भरला तरी केबल लागलेली असेपर्यंत डोळे झाकून वाटणारा चार्जर त्याचा हिस्सा अडवून ठेवतो. टॅबला जास्त हवं असेल तर फोन काढूनच घ्यावा लागतो. खटपट्यांच्या टॅबला फरक पडत नाही, तो १५ च्या वर घेतच नाही. आयपॅड किंवा लॅपटॉपला पडेल.

आणि केबलवर उगाच खर्च करू नका. ३५ वॅटला साधी ३ अँपिअरची, ६० वॅटवाली सी-टू-सी पुरते. चिपवाली ५ अँपिअरची केबल सॅमसंगच्या ४५ वॅटला किंवा मोठ्या लॅपटॉपला लागते. लांबी मात्र बघा. दोन-तीन मीटरच्या बारीक केबलवर ५ व्होल्टला ३ अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो.

खटपट्या

ताईंनी सांगितलेलं करून पाहिलं. जुनी दोन मीटरची केबल लावून पॉवरबँक ५ व्होल्टवर चार्ज केली, तर चार्जरच्या तोंडाशी ५.१ आणि पॉवरबँकेच्या तोंडाशी ४.५५. केबल हाताला कोमट. तीच वीज ९ व्होल्टला नेली तर करंट कमी, म्हणून घटही बरीच कमी.

मी असं ठरवलंय: हा चार्जर हॉलमध्ये. टॅब खालच्या पोर्टला, वरचा पोर्ट ज्याला लागेल त्याला. माझ्या फोनला २५ वॅटचा पीपीएसवाला एक पोर्टचा वेगळा, तो माझ्या टेबलाशी. सकाळी निघायच्या आधी वीस मिनिटांत जे मिळतं ते तिथेच मिळतं, वाटून घेण्यात नाही. बाकीचे जुने चार्जर दुरुस्तीवाल्याकडे तपासून मगच कुणाला देईन.

झणझणीत_मिसळ

म्हणजे नऊचे अकरा झाले.

खटपट्या

दहा. नऊमध्ये हा धरलेलाच होता. मोजता येतं मला.

मुळामुठा

म्हणजे शेवटी दोन वेगळेच घेतलेत. नोंद घ्यावी.

रानवाटा_२२

धागा जुना झालाय, पण विचारतो. माझ्याकडे ६५ वॅटचा दोन पोर्टवाला आहे, ४५ अधिक २० लिहिलंय. ४५ वर ऑफिसचा लॅपटॉप आणि २० वर फोन चालेल का? लॅपटॉप "स्लो चार्जर" असं दाखवतो.

विजयाताई

लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवर किती वॅट लिहिलेत? ६५ असतील तर ४५ वर तो चालेल, पण काम जड असेल तेव्हा बॅटरी उतरूही शकते. फोन काढल्यावर तो निरोप जातो का ते बघा, आणि मीटिंग चालू असताना फोन लावू-काढू नका. चार्जरच्या मागच्या बाजूचा, सगळे आकडे वाचता येतील असा फोटो टाका, मग नीट सांगते.